मुलाचा कॅन्सर आणि आईवडिलांची जागा

कॅन्सर झालेल्या मुलाबरोबर त्याच्या आईवडिलांचीही काळजी घ्यायला हवी, हा विचार वैद्यकात फार जुना नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधल्या अनेक बालरुग्ण कक्षांत आईला ठरावीक वेळीच मूल भेटत असे. संसर्गाची भीती हे एक कारण. दुसरे कारण असे, की आई परत निघाली की मूल रडते, त्यापेक्षा ती न आलेलीच बरी. १९५२ साली समाजकार्यकर्ते जेम्स रॉबर्टसन यांनी एका दोन वर्षांच्या मुलीचे रुग्णालयातले आठ दिवस चित्रित केले. गप्प झालेले मूल रुळलेले नसते, ते आतून खचलेले असते, हे त्या चित्रपटात उघड दिसत होते. पुष्कळ डॉक्टरांना ते रुचले नाही. तरीही रुग्णालयातल्या मुलांविषयीच्या १९५९ च्या प्लॅट अहवालाने आईवडिलांना केव्हाही भेटू द्यावे आणि लहान मुलांच्या आयांची रुग्णालयातच राहण्याची सोय करावी, अशी शिफारस केली.

कॅन्सरच्या कक्षात हा प्रश्न अधिक बिकट होता. १९४८ साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन या औषधामुळे मुलांचा ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) काही काळ ओसरतो हे दाखवून दिले. त्याआधी असे मूल काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जात असे. आता ते बरे दिसू लागे, खेळू लागे, आणि पुन्हा आजारी पडे. औषधाने आयुष्य लांबले, त्याबरोबर आईवडिलांची टांगणीही लांबली. फार्बर यांनी हे ओळखले होते. मुलावरचे उपचार आणि कुटुंबाची मानसिक, आर्थिक काळजी एकाच छपराखाली व्हावी, असा त्यांचा आग्रह होता.

अमेरिकेत बेथेस्डा येथे ल्युकेमियाग्रस्त मुलांच्या पालकांचे निरीक्षण करून लिहिलेला एक अभ्यास १९६३ साली प्रसिद्ध झाला. लक्षणे आपल्या वेळीच ध्यानात आली नाहीत, हा दोष पालक स्वतःकडे घेत होते. त्यांना मोठा आधार मिळत होता तो त्याच कक्षातल्या दुसऱ्या आईवडिलांचा. ज्याच्यावर तीच वेळ आली आहे त्याच्याजवळच माणूस मोकळे बोलतो. १९७४ साली फिलाडेल्फियात डॉ. ऑड्रे इव्हान्स यांच्या पुढाकाराने रुग्णालयाजवळ पालकांसाठी घर उघडले, तेव्हा निवाऱ्याइतकीच ही सोबतही महत्त्वाची ठरली.

मुंबईत या काळजीची सुरुवात डोक्यावरच्या छपरापासून करावी लागली. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि पुढे देशभरातून मुले तिथे येऊ लागली. ल्युकेमियाचा उपचार दोन-अडीच वर्षे चालतो. त्यातला बराचसा बाह्यरुग्ण विभागातून होतो, म्हणजे मूल रात्री आईजवळच असते. केमोने पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना उकळलेले पाणी, ताजे शिजवलेले अन्न आणि स्वच्छ अंथरूण लागते. ताप चढला तर तासाभरात रुग्णालय गाठावे लागते. परगावाहून आलेल्या, शहरात निवारा नसलेल्या कुटुंबाला हे सगळे फुटपाथवर राहून कसे जमावे? वडिलांची मजुरी बुडालेली, गावी धाकटी भावंडे आजीकडे ठेवलेली, भाषा परकी. अशा कुटुंबांपैकी काही उपचार अर्धवट टाकून परतत, आणि बरा होऊ शकणारा आजार जिवावर बेतत असे. त्याला बेफिकिरी म्हणणे अन्यायाचे आहे.

इथे महाराष्ट्राची जुनी रीत कामी आली. गाडगेबाबांनी तीर्थक्षेत्री यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाने चालणाऱ्या दादरच्या धर्मशाळेत कॅन्सरचे रुग्ण आणि नातेवाईक उतरू लागले. परळच्या नाना पालकर स्मृती समितीनेही अशीच सोय केली. २००६ साली मुंबईत सुरू झालेल्या सेंट ज्यूड केंद्रांनी केवळ मुलांच्या कुटुंबांसाठी व्यवस्था उभारली. तिथे प्रत्येक कुटुंबाला राहायला वेगळी जागा मिळते. स्वयंपाकघर सामाईक असते आणि शिधा मिळतो. रुग्णालयात ने-आण होते, समुपदेशनही होते. एका ओट्यावर बंगाली आणि विदर्भातली आई शेजारी शेजारी भात शिजवताना पेशींचे आकडे एकमेकींना सांगतात.

सेवेच्या निकषांत पालकांच्या मनाची वेगळी नोंद मात्र सर्वांत उशिरा झाली. बालकर्करोगातील मनोसामाजिक सेवेचे १५ निकष २०१५ साली प्रसिद्ध झाले. पालकांच्या मानसिक आरोग्याची तपासणी सुरुवातीपासून आणि वेळोवेळी व्हावी, हा त्यांतला एक निकष आहे. मूल गेल्यानंतरही उपचार करणाऱ्या चमूने कुटुंबाशी संपर्क साधावा, हा आणखी एक.