२१ डझन जोडे

लाँगफेलोच्या १८५८ सालच्या दीर्घकवितेनं प्रिसिला मलिन्सला अमेरिकेत घरोघरी पोचवलं. 'मेफ्लॉवर' जहाजातून १६२० साली आलेली तरुण मुलगी, पुढे जॉन आल्डनची बायको. लाँगफेलो स्वतः तिच्याच वंशातला. अशा नायिकेला शोभेलसं कुळ हवं, म्हणून ती फ्रेंच ह्युगनॉ घराण्यातली असल्याचं सांगितलं जाऊ लागलं. आधार काय, तर आडनावाचं 'मोलिन्स' हे स्पेलिंग. पण गव्हर्नर ब्रॅडफर्ड आपल्या एकाच हस्तलिखितात हे नाव दोन प्रकारे लिहितो. त्या काळच्या स्पेलिंगवर विसंबून दोन नोंदी जुळवणं किती धोक्याचं, हे डेटाबेसशी झटापट केलेल्या कुणालाही कळेल.

खरा दुवा तिच्या वडिलांच्या मृत्युपत्रात आहे. विल्यम मलिन्स २१ फेब्रुवारी १६२१ला प्लिमथमध्ये वारला. त्यानं तोंडी सांगितलेल्या इच्छेची नक्कल एप्रिलमध्ये परतणाऱ्या जहाजाबरोबर इंग्लंडला गेली; साक्षीदारांत जहाजाचा कप्तान क्रिस्टोफर जोन्सही आहे. मजकुरात घराण्याचा डौल कुठेच नाही. २१ डझन जोडे आणि बुटांच्या १३ जोड्या आहेत, कंपनीला पटलं तर सात वर्षांनी चाळीस पौंडांना द्याव्यात, असं हा माणूस मरताना सांगतो. नव्या जगात लोक अनवाणी राहणार नाहीत, एवढा हिशोब करूनच तो निघाला असणार!

उरलेल्या मालमत्तेतला अर्धा वाटा बायको ॲलिसला, अर्धा जोसेफ आणि प्रिसिलाला. इंग्लंडमध्ये राहिलेला मुलगा विल्यम नावानिशी येतो; लग्न झालेली मुलगी सारा ब्लंडन मात्र नावाशिवाय, फक्त 'थोरली मुलगी' म्हणून येते. जुलै १६२१मध्ये लंडनला या इस्टेटीचा कारभार साराकडे सोपवला गेला. त्या नोंदीत मृताचं गाव आहे: डॉर्किंग, परगणा सरे. एका शब्दानं समुद्रापलीकडचं घर सापडलं. वेस्ट स्ट्रीटवरचं ते घर अजून उभं आहे.

आईच्या बाजूची रेघ मात्र इथेच थांबते. ॲलिसचं माहेरचं आडनाव मृत्युपत्रात नाही. ती प्रिसिलाची सख्खी आई होती, असंही त्यात म्हटलेलं नाही. पहिल्याच हिवाळ्यात आईबाप, भाऊ आणि नोकर रॉबर्ट कार्टर गेले. प्रिसिला एकटी उरली.

तीस वर्षांनी ब्रॅडफर्डनं नोंदवलं की आल्डन नवराबायको दोघंही हयात आहेत, मुलं ११. नावानिशी आज १०च सापडतात.