तळटीप १४ : प्रसूतिलाभ विधेयक
१४. कारखान्यांतील स्त्रियांना बाळंतपणाच्या आधी व नंतर कामातून विश्रांती आणि त्या काळापुरता भत्ता देणारे हे विधेयक असून, मुंबई विधान परिषदेत (तेव्हाचे प्रांताचे एकमेव सभागृह) सरकारनियुक्त सभासद डॉ. भीमराव आंबेडकर यांनी २८ जुलै १९२८ रोजी त्याला पाठिंबा देताना, मातेची विश्रांती हे राष्ट्रहित असल्याने खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, परंतु तिच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकालाही जबाबदारी टाळता येणार नाही, अशी दूरदृष्टीची भूमिका मांडली. कायदा १९२९ मध्ये झाला. मजकुरातील अंबरनाथ-बदलापूरच्या कामगार स्त्रिया ज्या उल्हासनगरच्या विमा रुग्णालयात जातात, ते मात्र १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्यानुसार सुरू झालेल्या योजनेचे आहे. तिच्यात प्रसूतिलाभ समाविष्ट असून वर्गणी मालक व कामगार दोघे भरतात.