गोल्फमधला खळगा आणि १७५८ ची दुरुस्ती

बडोद्यात वाढलेल्या आम्हा मंडळींना गोल्फ हा खेळ ठाऊक झाला तो लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारामुळे. १९३० च्या दशकात प्रतापसिंहराव गायकवाडांनी आपल्या युरोपीय पाहुण्यांसाठी तिथे मैदान करवून घेतलं. १९९० च्या दशकात त्यांचे नातू समरजितसिंह यांनी ते नव्याने उभं केलं आणि बाहेरच्यांनाही खुलं केलं. मी स्वतः काठी हातात धरली ती पंचेचाळिशी उलटल्यावर, आणि खरं सांगायचं तर अजूनही खेळापेक्षा त्याची नियमावलीच मला जास्त आवडते. उमेदीची वर्षं निविदा आणि करारांची कलमं वाचण्यात गेली, त्याचा हा परिणाम असावा.

काही महिन्यांपूर्वी परगावी खेळत असताना आमच्या एका स्नेह्यांनी सुरेख फटका मारला. चेंडू बरोबर मैदानाच्या मधोमध पडला, पण नेमका आधीच्या कुणीतरी उडवलेल्या खळग्यात. त्यांनी तो उचलून बाजूला ठेवायला हात घातला. मी म्हटलं, नियमात बसत नाही. ते म्हणाले, "अहो, फटका मी सरळ मारला. खड्डा केला दुसऱ्याने, आणि शिक्षा मला?" पुढचा सगळा वेळ अबोल्यात गेला. मी नियम बरोबर सांगितला होता, पण त्यांच्या प्रश्नाला उत्तर दिलं नव्हतं. ते उत्तर शोधता शोधता मी अठराव्या शतकात जाऊन पोचलो.

आधी शब्द नीट लावून घेऊ. काठी जमिनीला घासून जो गवत-मातीचा ढलपा उडतो, तो डिव्हट. शब्द स्कॉटलंडचा, तिथे घरांच्या छपरावर घालायच्या हिरवळीच्या तुकड्यांनाही हेच नाव होतं. बोलताना आपण मागे राहिलेल्या खळग्यालाही डिव्हट म्हणतो, पण वाद आहे तो खळग्याचा.

गोल्फचे सर्वांत जुने उपलब्ध लिखित नियम १७४४ चे आहेत. एडिंबरोजवळच्या लीथ इथे चांदीच्या काठीसाठी स्पर्धा व्हायची होती, त्यासाठी ते लिहिले गेले. एकूण नियम तेरा. त्याखाली सही आहे ती जॉन रॅट्रे या शल्यवैद्याची. ती पहिली स्पर्धाही त्यांनीच जिंकली. दहावा नियम सांगतो की चेंडू माणसाने, घोड्याने, कुत्र्याने किंवा आणखी कशानेही अडवला, तर जिथे थांबला तिथूनच खेळायचा. आपण कोर्टाच्या भाषेत म्हणतो तसं 'जैसे थे'. गोल्फचं हेच मूळ तत्त्व, असं जाणकार छातीठोकपणे सांगतात.

पण तेरावा नियम वाचला की गंमत कळते. मैदान राखण्यासाठी केलेले चर, खंदक किंवा बांध, तसंच 'विद्यार्थ्यांचे खळगे' आणि 'सैनिकांच्या रांगा' यांत चेंडू गेला, तर तो बाहेर काढायचा, उंचवट्यावर ठेवायचा आणि कुठल्याही लोखंडी काठीने मारायचा. हे विद्यार्थ्यांचे खळगे म्हणजे नेमकं काय, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत: पोरांनी उकरलेले खड्डे, की त्यांच्या खेळासाठी केलेली वेगळी भोकं? आपल्यापुरती गोष्ट एवढीच, की माणसाने केलेल्या खळग्यातून सूट, जिला खेळाडू रिलीफ म्हणतात, ती पहिल्याच नियमावलीत आहे. म्हणजे 'जैसे थे' हे तत्त्व कधीच पूर्ण निरपवाद नव्हतं.

मग आमच्या स्नेह्यांची बाजू बरोबर ठरली का? इथे गोष्ट एक वळण घेते.

चौदा वर्षांनी, १७५८ मध्ये, त्याच मंडळींनी नियमांना एक दुरुस्ती जोडली. खाली सही त्या वेळचे कप्तान थॉमस बॉसवॉल यांची. दुरुस्तीचं कारण त्यांनी स्वच्छ लिहिलंय: पाचव्या आणि तेराव्या कलमावरून वारंवार तंटे होतात. पाचवं कलम पाण्याचं आणि पाणथळ घाणीचं होतं, तेरावं आपण वर पाहिलंच. म्हणजे भांडणं झाली ती 'जैसे थे'वरून नव्हे, तर सवलतींवरून. त्यांनी उपाय काय केला, तर दंडाविना चेंडू उचलण्याची मुभा फक्त विद्यार्थ्यांच्या खळग्यांपुरती ठेवली. चर, बांध आणि सैनिकांच्या रांगा गळाल्या. बाकी सगळीकडे चेंडू असेल तिथून खेळायचा. तो निदान अर्धा पाण्यात किंवा घाणीत बुडालेला असेल तरच एक फटका दंड सोसून उचलता येईल.

'निदान अर्धा' हे शब्द वाचले आणि माझ्यातला इंजिनिअर सुखावला. ज्यांनी साइटवर मोजमापाच्या वहीवरून वाद घातले आहेत, त्यांना यातली किंमत कळेल. 'खराब जागा' असं लिहिलं की दोन माणसं दोन अर्थ काढणार. 'अर्धा बुडालेला' म्हटलं की दोघांनी वाकून बघायचं आणि पुढे चालायचं. गोल्फमध्ये पंच प्रत्येक जोडीमागे फिरत नाही. नियम असा हवा, की दोन प्रतिस्पर्ध्यांना तो जागच्या जागी, न भांडता लावता यावा.

त्या नियमांत डिव्हटचा उल्लेख का नाही, याचंही कारण आहे. तेव्हाचा चेंडू चामड्याचा, आत पिसं ठासलेला आणि महागडा. लोखंडी काठीचा घाव बसला की तो फाटायचा. त्यामुळे खेळ मुख्यतः लाकडी काठ्यांनी चाले आणि लोखंडी काठी अडचणीच्या जागी निघे. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा, म्हणजे झाडाच्या चिकाचा, स्वस्त आणि दणकट चेंडू आला, लोखंडी काठ्यांचा वापर वाढला आणि हिरवळीचे ढलपे उडणं ही रोजची बाब झाली.

आजची नियमावली २०१९ च्या मोठ्या फेररचनेतून आली. ३४ नियमांचे २४ झाले. अंतिम हिरवळीवरच्या बुटांच्या खिळ्यांच्या खुणा सारख्या करायला परवानगी मिळाली. खळग्यातून सूट मात्र मिळाली नाही. उलट खळग्यात ढलपा परत बसवून किंवा माती दाबून आपल्या फटक्याची जागा सुधारायलाही मनाई आहे. आणि मौज अशी, की कुत्र्याने किंवा घुशीने उकरलेल्या बिळातून फुकट सूट मिळते, मैदानाच्या कामगारांनी देखभालीसाठी केलेल्या खड्ड्यातूनही मिळते, पण खेळाडूच्या काठीने झालेल्या खळग्यातून नाही. हे ऐकून आमचे स्नेही अजूनच चिडले असते.

त्यांचा राग खोटा नाही. १९९८ च्या यूएस ओपनमध्ये शेवटच्या दिवशी पेन स्टुअर्ट चार फटक्यांची आघाडी घेऊन उतरले होते. बाराव्या भोकाला त्यांचा सरळ फटका वाळूने भरलेल्या खळग्यात जाऊन पडला आणि तिथे एक फटका गेला. शेवटी ली जॅन्झन यांच्याकडून ते हरले, तेही एकाच फटक्याने.

तरीही माझं मत नियमाच्या बाजूने आहे, आणि ते १७५८ मुळेच. खळगा कधी संपतो, हे सांगा. आज उडालेला ढलपा उघडच दिसतो. आपल्याकडच्या मैदानांवर पुष्कळदा हरळी असते. गोल्फवाले जिला बर्म्युडा म्हणतात ती हीच, आपली दूर्वा. तिचा उडालेला ढलपा परत बसवला तरी बहुधा धरत नाही, म्हणून खळग्यात वाळू भरतात आणि कडेची मुळं हळूहळू ती झाकतात. मग आठ दिवसांनी तो खळगा आहे की नाही? तीन आठवड्यांनी? अर्धं गवत आलेल्या उथळ जागी प्रत्येक जण वाकून बघणार आणि ज्याच्या चेंडूचा प्रश्न, त्याला तिथे खळगाच दिसणार.

विद्यार्थ्यांचे खळगे टिकले, कारण ती मैदानातली नावानिशी ठाऊक असलेली जागा होती. त्याचा आजचा वारसही आहे: मैदानाची समिती खूप उखडलेला भाग चुन्याने किंवा रंगाने आखून 'दुरुस्तीखालील जमीन' जाहीर करू शकते, आणि तिथून फुकट सूट मिळते. रेघ आधी आखलेली असते, चेंडू नंतर पडतो. न्याय त्या क्रमात आहे, असं मला वाटतं.

स्नेह्यांना हे सगळं मी नंतर फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मग ती रेघ आखायला समितीला सांगा की." मुद्दा बिनतोड होता. परवा पुन्हा खेळायला गेलो, तेव्हा प्रत्येक फटक्यानंतर ते आपल्या खळग्यात वाळू भरत होते. माझा एक राहिला होता, तोही त्यांनीच भरला.