दिव्याचा मालक कोण?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

लहानपणी गावात वीज आली तेव्हा ‘सरकारने लाइट दिली’ असे आम्ही म्हणायचो. वीज ही विकत घ्यायची वस्तू आहे, हे मनातही येत नसे. पुढे जैतापूरच्या अणुप्रकल्पामुळे ‘ईडीएफ’ या फ्रेंच कंपनीचे नाव कानावर पडू लागले. कुतूहलाने मी तिचा इतिहास चाळला आणि आमचे ते जुने वाक्य आठवले.

महायुद्धाने फ्रान्स मोडकळीला आला होता. ८ एप्रिल १९४६ च्या कायद्याने वीज आणि गॅसच्या सुमारे १,४५० कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि ‘इलेक्ट्रिसिते द फ्रान्स’ जन्माला आली. हा कायदा आणणारे मंत्री मार्सेल पॉल हे मूळचे वीज कामगार, कम्युनिस्ट आणि नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीतून जिवंत परतलेले.

कंपनीने देश उजळला, पण त्याची किंमतही कुणीतरी मोजली. १९५२ मध्ये आल्प्समधले तीन्य हे गाव तिच्या धरणाखाली बुडाले. आपल्या कोयनाकाठच्या माणसांना हे दुःख वेगळे सांगायला नको. १९७३ च्या तेलसंकटानंतर फ्रान्सने अणुभट्ट्यांचा धडाका लावला आणि देशाची सुमारे तीन-चतुर्थांश वीज त्यांतून येऊ लागली. रात्री स्वस्त, गर्दीच्या वेळी महाग, ही दराची पद्धत रुजवली मार्सेल ब्वातो या अर्थतज्ज्ञाने. पुढे ते कंपनीचे प्रमुखही झाले.

मग खुल्या बाजाराचे वारे आले. युरोपीय संघाच्या नियमांनी स्पर्धा सक्तीची झाली. कामगारांचा विरोध असतानाही २००४ मध्ये तिची भागभांडवली कंपनी झाली आणि २००५ मध्ये सामान्य माणसाला ३२ युरोंना एक शेअर मिळाला. दोन वर्षांत भाव ८० युरोंच्या वर गेला. बहुतांश मालकी मात्र सरकारचीच राहिली.

इथेच खरी मेख होती. दरांवरचा हात सरकारने कधी सोडलाच नाही. २०११ पासून कंपनीला आपल्या अणुविजेचा मोठा हिस्सा प्रतिस्पर्ध्यांना ठरावीक स्वस्त दराने विकावा लागे. २०२२ मध्ये पाइपांना तडे गेल्याने अनेक अणुभट्ट्या बंद पडल्या, बाजारात वीज कडाडली, आणि त्याच वर्षी सरकारने ग्राहकांची दरवाढ रोखून धरली. कंपनीला १७.९ अब्ज युरोंचा तोटा झाला. जून २०२३ मध्ये सरकारने उरलेले शेअर १२ युरोंनी घेऊन ती पुन्हा पूर्ण आपल्या ताब्यात घेतली. ज्याने ३२ ला घेऊन सांभाळून ठेवले, त्याच्या पदरी १२ पडले.

मला यातून एवढेच उमगले, की कंपनी सरकारी की खासगी, हा अर्धाच प्रश्न आहे. दर कोण ठरवतो आणि तोटा कुणाच्या माथी बसतो, हा उरलेला अर्धा. जैतापूरच्या ९,९०० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्यांसाठी याच कंपनीने २०२१ मध्ये प्रस्ताव दिला. त्या विजेचा दर काय आणि जोखीम कुणाची, हे आपण आधी विचारले पाहिजे. ‘सरकारने लाइट दिली’ म्हणून गप्प बसण्याचे दिवस आता गेले.