हबश देशातील कॉफी आणि शेजारधर्म

'हबशी' हा शब्द महाराष्ट्राला परका नाही. खडकी, म्हणजे पुढील काळातील औरंगाबाद, वसविणारा मलिक अंबर हबशीच होता. जंजिऱ्याच्या सिद्दींनाही आपण हबशीच म्हणत आलो. परंतु या हबश देशाने, म्हणजे आजच्या इथियोपियाने, जगाला दिलेल्या एका देणगीची आठवण आपणांस क्वचितच होते. ती देणगी म्हणजे कॉफी होय.

नैर्ऋत्य इथियोपियाच्या डोंगराळ जंगलांत अरेबिका जातीची कॉफी आपोआप उगवते. तेथे तिला 'बुना' म्हणतात. अरबांनी तिच्या बीला 'बुन्न' म्हटले आणि आपल्या जुन्या पिढीच्या तोंडी असलेला 'बुंददाणा' हा शब्द याच घराण्यातला. लाल फळे खाऊन बकऱ्या नाचू लागल्या व त्यावरून गुराख्याला कॉफीचा शोध लागला, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ऐकली असेल. ती गोड असली तरी इतिहास नव्हे. तशा कथेचा लेखी उल्लेख थेट १६७१ साली रोम येथे छापलेल्या एका ग्रंथात येतो.

लेखी पुराव्याचा इतिहास सुरू होतो तो तांबड्या समुद्रापलीकडील येमेनमध्ये. पंधराव्या शतकात तेथील सूफी साधक रात्रीच्या जिक्रसाठी जागे राहावे म्हणून कॉफी पीत. हे पेय मक्केत पोहोचले तेव्हा मोठा वाद माजला. १५११ मध्ये खैर बेग या अधिकाऱ्याने उलेमा व वैद्य यांची सभा बोलावून कॉफीवर बंदी घातली. परंतु कैरोहून आलेल्या आदेशाने ती बंदी लवकरच सैल झाली.

खुद्द इथियोपियातही असाच निषेध होता, मात्र तो दुसऱ्या बाजूने. तेथील मुसलमान व ओरोमो लोक कॉफी पीत, म्हणून ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्मपीठाने ती दीर्घकाळ वर्ज्य मानली. काय प्यावे, यावरून माणसाचा धर्म ओळखला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा निषेध ओसरू लागला. सम्राट दुसरा मेनेलिक (कारकीर्द १८८९ ते १९१३) स्वतः कॉफी पीत असे. आज हरारच्या जुन्या तटबंदीतील मुसलमान घर असो वा उत्तरेकडील ख्रिस्ती घर असो, बुना दोन्हीकडे होते. देशात पिकणाऱ्या कॉफीपैकी सुमारे निम्मी देशातच प्याली जाते.

ही कॉफी घाईची नव्हे. जमिनीवर हिरवे गवत पसरतात, ऊद जाळतात. घरातील स्त्री कच्चे दाणे धुऊन निखाऱ्यांवर तव्यात भाजते आणि तो धुरकट सुवास पाहुण्यांना घेऊ देते. मग दाणे खलात कुटून 'जेबेना' नावाच्या लांब मानेच्या मातीच्या सुरईत उकळतात. बिनकानाच्या लहान पेल्यांत कॉफी ओततात. सोबत भाजलेले जव किंवा मक्याच्या लाह्या असतात. काही खेड्यांत साखरेऐवजी मीठ किंवा लोणी घालण्याचीही चाल आहे.

त्याच दाण्यांवर पुन्हा पाणी घालून तीन फेऱ्या होतात. पहिली 'अबोल', दुसरी 'टोना', तिसरी 'बरका'. मराठी कानाला 'अबोल' शब्दाची गंमत वाटेल, कारण तेथे बोलणे त्याच पेल्यापासून सुरू होते! 'बरका' म्हणजे आपली बरकत. ती घेतल्याविना उठणे अनेक ठिकाणी बरे मानीत नाहीत. या तासा-दोन तासांत आजाऱ्याची विचारपूस होते, सोयरिकीच्या गोष्टी निघतात, रुसवे मिटतात. शेजाऱ्यांना बोलावण्यास बहुधा घरातले मूल धाडतात. अशा रीतीने कोणाच्या दारी जावे, वडीलधाऱ्यांशी कसे बोलावे, हे शिक्षण त्याला आपोआप मिळते. मात्र या सोहळ्याचे कष्ट बहुतेक स्त्रियांच्याच वाट्यास येतात, हेही विसरता कामा नये.

पालकहो, या इतिहासापासून काय घ्यावे? मक्केतील हुकूम टिकला नाही, धर्मपीठाचा निषेधही टिकला नाही. जे पेय कधीकाळी दोन समाजांमधील कुंपण होते, त्याच पेयासाठी आज एकाच गल्लीतील मुसलमान व ख्रिस्ती शेजारणी एकमेकींच्या घरी बसतात. आपल्या घरी चहा दिवसातून तीनदा होतो, पण पेला रिकामा होण्याआधीच आपण उठलेलो असतो. आठवड्यातून एकदा तरी शेजाऱ्याला हाक मारावी, आणि ती मारण्यासाठी आपल्या मुलालाच धाडावे. तिसऱ्या पेल्यापर्यंत थांबणाऱ्यालाच बरकत मिळते, हा हबश देशाचा धडा आपल्या वस्तीतही खरा ठरेल.