कुंडल रोड ते बॉस्टन

१९२२ साली किर्लोस्करवाडीचे दोन तरुण अमेरिकेला शिकायला गेले. एक शंतनुराव किर्लोस्कर, वय १९. दुसरा त्यांचा चुलतभाऊ माधव. जायचं होतं बॉस्टनशेजारच्या केंब्रिजला, एमआयटीत. पुण्यातली नव्हे, ती निघायला अजून साठेक वर्षं होती.

प्रवास बोटीचा. पत्रंही बोटीनंच जायची आणि बोटीनंच उत्तर यायचं. 'तब्येत कशी आहे?' असं घरून विचारलं, तर उत्तर हातात पडेपर्यंत ती तब्येत जुनी झालेली असायची.

अशा अवस्थेला आपल्याकडे नेमका शब्द आहे : करमत नाही. गंमत म्हणजे या शब्दात घर कुठंच नाही. घर आठवतंय असं तो म्हणत नाही, इथं मन लागत नाही एवढंच म्हणतो. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, आणि तो कळायला किर्लोस्करवाडीचाच इतिहास उपयोगी पडतो.

कारण शंतनुराव जे घर मागं ठेवून गेले, ते वाडवडिलांचं नव्हतंच. त्यांचे वडील लक्ष्मणराव बेळगावात आधी सायकलींचं दुकान आणि मग कारखाना चालवत. तिथल्या नगरपालिकेनं जागा सोडायला लावली. तेव्हा औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर जमीन दिली, वर दहा हजार रुपये बिनव्याजी. १० मार्च १९१० रोजी वसाहतीची सुरुवात झाली. तेव्हा तो नुसता माळ होता : निवडुंग, दगड आणि साप. शंतनुराव त्या वेळी सहा वर्षांचे होते.

आज सांगली जिल्ह्याच्या नकाशात किर्लोस्करवाडी कायमचीच असल्यासारखी दिसते. स्टेशनालाही तेच नाव मिळालं. पण १९२२ साली ती जेमतेम बारा वर्षांची होती. तिथं प्रत्येकजण बाहेरून आलेला. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्याचं काम दिलं. ज्यांना गाव दारात उभं करत नव्हतं, त्यांच्या हाती वाडीची राखण. या लोकांना वाडीत करमलं असेल, तर ते आठवणी पुसल्या म्हणून नव्हे. इथं त्यांची कुणाला तरी गरज होती म्हणून.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी मी एका सेमिस्टरसाठी जर्मनीत होतो. आमच्याकडं बोटीची पत्रं नव्हती, रोजचा व्हिडिओ कॉल होता. आईचा गॅस, त्यावरची भाकरी, दारातली गाय, सगळं दिसायचं. तरी करमायचं नाही. मग एकदा शेजारच्या खोलीतल्या मुलीच्या सायकलची निसटलेली चेन बसवून दिली. आठवड्याभरात आणखी दोघं सायकली घेऊन आले, आणि मजल्यावर मला नावानं हाका ऐकू येऊ लागल्या. घर तितकंच लांब होतं, पण मी हळूहळू रुळत होतो.

हे वाचून कुणी परगावच्या मुलाला 'कामात मन गुंतव, सगळं ठीक होईल' असा सल्ला देऊ नये. माधवची गोष्ट तसं म्हणू देत नाही. अमेरिकेत त्याला क्षयानं गाठलं. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ साली. तोवर क्षयावर गुणकारी औषधच नव्हतं. माधव त्यातून वाचला नाही. दोघं एकाच घरातून, एकाच कामासाठी गेले होते. एकाला जे जमलं ते दुसऱ्याला जमलं नाही, यात मनाच्या खंबीरपणाचा काही संबंध नाही. परदेशी शिकून आलेल्यांच्या यशाच्या गोष्टी सांगताना आपण अशा माधवांना गाळतो, आणि मग करमत नसलेल्या पोराला वाटतं की आपल्यातच काहीतरी कमी आहे.

शंतनुराव १९२६ साली मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन परतले आणि वाडीच्या कारखान्यात रुजू झाले. पुढं १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. महाराष्ट्रातल्या कितीतरी विहिरींचं पाणी या इंजिनांनी उपसलं. म्हातारपणी लिहिलेल्या इंग्रजी आत्मचरित्राचं नाव त्यांनी ठेवलं 'कॅक्टस अँड रोझेस'. गुलाबाआधी निवडुंग.

तुमच्या घरातलं कुणी आत्ता परदेशात असेल, तर आज फोनवर 'करमतंय का?' एवढंच विचारून थांबू नका. तिथं तुला कोण कोण हाक मारतं, तेही विचारा.