‘उपल’ आणि ओपल : शब्दसाम्य, आख्यायिका व जतन

हातघडणीच्या कर्णभूषणांत माणिक, पाचू, नीलम या परिचित खड्यांच्या जोडीला अलीकडे ओपल हा खडा पुष्कळ दिसू लागला आहे. दुधाळ अंगात लाल, हिरव्या व निळ्या छटा खेळविणाऱ्या या खड्याची ओळख करून देताना विक्रेते, ज्योतिषी आणि कित्येक लोकप्रिय पुस्तके एक विधान हटकून करतात. ते असे की, ‘ओपल’ हा शब्द संस्कृत ‘उपल’ शब्दापासून निघाला असून हे रत्न मूळचे भारतीय आहे. या विधानाचे दोन भाग आहेत. पहिला शब्दाविषयी आहे, दुसरा वस्तूविषयी. आणि पहिला मान्य केला की दुसरा आपोआप सिद्ध झाला, असे गृहीत धरले जाते. हे गृहीत कितपत टिकते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. प्रश्न केवळ व्युत्पत्तीचा नाही. खड्याची जी ओळख आपण मानतो, तिच्यावरच त्याचे जतन कसे करावयाचे हे ठरते आणि ओळख चुकली तर खडाही नासतो.

प्रथम ‘उपल’ शब्दाचा विचार करू. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलात धान्य दळणाऱ्या स्त्रीकरिता योजलेल्या समासात ‘उपल’ हे पूर्वपद आले आहे. यज्ञसाधनांत ‘दृषद्’ व ‘उपला’ ही जोडी येते : खालचा दगड व त्यावर फिरणारा वरचा दगड. आपल्या स्वयंपाकघरातील पाटा-वरवंट्याचीच ही पूर्वज जोडी म्हणावयास हरकत नाही. पुढे अमरकोशात ‘उपल’ हा पाषाण, अश्मन्, शिला यांच्या पंक्तीत बसतो, आणि पावसाबरोबर पडणाऱ्या गारांना ‘वर्षोपल’ म्हटलेले आढळते. सहाव्या शतकातील वराहमिहिर बृहत्संहितेत रत्नांचे प्रकरण आरंभताना सांगतो की, हत्ती, घोडे, स्त्रिया यांतील श्रेष्ठांनाही ‘रत्न’ म्हणतात. येथे मात्र ‘उपलरत्नां’चा विचार कर्तव्य आहे. म्हणजे ‘उपल’ हे त्याच्या लेखी एखाद्या विशिष्ट रत्नाचे नाव नाही. दगडी जातीच्या सर्व रत्नांना इतर ‘रत्नां’पासून वेगळे काढणारे ते सामान्य विशेषण आहे. त्याच्या यादीत वज्र, इंद्रनील, मरकत यांपासून मुक्ता व प्रवाल यांपर्यंत बावीस नावे आहेत. त्यांत ‘उपल’ नावाचे स्वतंत्र रत्न नाही. नवरत्नांतही ओपलला स्थान नाही.

आता पाश्चात्त्य बाजू पाहू. इ. स. ७९ मध्ये मृत्यू पावलेला रोमन ग्रंथकार प्लिनी आपल्या ‘निसर्गेतिहासा’च्या सदतिसाव्या खंडात या खड्याचे विस्तृत वर्णन करतो. त्याच्या मते माणकाची आग, जांभळ्या खड्यांची झळाळी आणि पाचूची समुद्रासारखी हिरवाई या एकाच खड्यात एकवटतात. नोनियस नावाच्या सिनेटरने मार्क अँटनीच्या हाती आपली ओपलची अंगठी लागू देण्यापेक्षा सर्व संपत्ती मागे टाकून देशत्याग पत्करला, ही आख्यायिकाही त्यानेच नोंदविली आहे. या खड्याची जननी भारतभूमी होय, असे तो निःसंदिग्धपणे सांगतो. आणि काचेची बनावट याच खड्याची सर्वांत हुबेहूब होते, असेही बजावतो.

प्लिनीचे हे वचनच भारतीय मूळ मानणाऱ्यांचा मुख्य आधार आहे. परंतु त्याच शतकातील ‘पेरिप्लस’ हा व्यापारी मार्गदर्शक ग्रंथ त्याला दुजोरा देत नाही. पैठणहून गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात येणाऱ्या गोमेदसदृश रंगीत दगडांचा त्यात उल्लेख आहे. दक्षिणेच्या बंदरांतील हिऱ्यांचा व इतर पारदर्शक खड्यांचाही आहे. ओपल मात्र निर्यातीच्या यादीत नाही. दख्खनच्या अग्निजन्य खडकांच्या पोकळ्यांत अकीक आणि गारगोटीसारख्या दगडांच्या सोबतीने साधा ओपल क्वचित सापडतो हे खरे. तथापि त्यात रंगांचा खेळ नसतो. रंग खेळविणारा ओपल प्राचीन काळापासून मिळे तो प्रेशोव्ह शहराजवळील दुबनीक परिसरात. हा प्रदेश आज स्लोव्हाकियात आहे. पूर्वी तो हंगेरीच्या राज्यात असल्यामुळे बाजारात त्या खड्याला ‘हंगेरियन ओपल’ म्हणत. तेथील खाणी १९२२ पर्यंत चालू होत्या. रोममध्ये येणारा ओपल बहुधा याच दिशेने येत असावा, आणि दूरदेशीचे रत्न म्हटले की भाव वाढतो हे जाणणाऱ्या व्यापाऱ्यांनी त्यावर भारताचे नाव घातले असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

शब्दाची साक्ष काय सांगते? भारतातून ज्या वस्तू खरोखरच पश्चिमेकडे गेल्या, त्यांची नावे बहुधा संस्कृत रूपात न जाता बोलभाषेच्या रूपात गेली. ग्रीक ‘बेरिल्लोस’ हा शब्द घ्या. त्याच्यामागे संस्कृत ‘वैडूर्य’ नसून प्राकृत ‘वेरुलिय’ आहे, आणि हा खडा दक्षिण भारतातून जात असे. ‘शर्करा’ या शब्दाचा मूळ अर्थ खडीच. खडीसाखरेत तो आपण अजून जपला आहे. ग्रीकांनी मात्र ‘सक्खरा’ हे पालीतील समानीकृत रूपच उचलले. ‘दक्षिणापथ’ हे नाव पेरिप्लसमध्ये ‘दाखिनाबादेस’ असे उतरते. त्यात स्वरमध्य ‘प’चा ‘ब’ आणि ‘थ’चा ‘द’ झालेला स्पष्ट ऐकू येतो. महाराष्ट्री प्राकृतात याच नियमाने ‘उपल’चा ‘उवल’ होतो. मग पहिल्या शतकात पश्चिम किनाऱ्यावरून हा शब्द गेला असेल, तर लॅटिन ‘ओपालुस’मध्ये ‘प’ अबाधित कसा राहिला? तो त्यापूर्वीच गेला, किंवा ‘प’ टिकवून ठेवणाऱ्या एखाद्या बोलीतून गेला, असे म्हणता येईल. व्युत्पत्ती त्यामुळे अशक्य ठरत नाही. परंतु ‘बेरिल्लोस’च्या मानाने तिचा पाया फार दुबळा आहे, हे मान्य करावे लागते.

शिवाय ती मान्य केली, तरी सिद्ध काय होते? एवढेच की ‘दगड’ या अर्थाचा एक भारतीय शब्द परक्या बाजारात एका विशिष्ट खड्याला चिकटला. उलट दिशेचे उदाहरणही आहे. ‘मरकत’ हा शब्द ग्रीक ‘स्मारॅग्दोस’च्या मार्गाने मूळ सेमिटिक भाषांतून आपल्याकडे आला, असे सामान्यतः मानले जाते. त्यावरून संस्कृत वाङ्मयातील पाचूचे सारे ज्ञान ग्रीक होते असे कोणी म्हणत नाही. शब्दाला एक न्याय आणि वस्तूला दुसरा, हे दोन्ही बाजूंना सारखेच लागू केले पाहिजे.

शब्दसाम्यातून आख्यायिका कशा जन्मतात, याचे ओपल हे उत्तम उदाहरण आहे. मध्ययुगीन युरोपात या खड्याच्या नावाचा संबंध डोळा या अर्थाच्या ग्रीक शब्दाशी जोडला गेला आणि ‘ऑफ्थॅल्मियस’ असे नाव रूढ झाले. नाव डोळ्याचे, म्हणून गुणही डोळ्याचे ! अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात मार्बोद या धर्मोपदेशकाने रचलेल्या रत्नविषयक पद्यग्रंथात हा खडा धारण करणाऱ्याची दृष्टी तीक्ष्ण करतो आणि इतरांची मंद करतो, म्हणून तो चोरांचा पाठीराखा होय, असे सांगितले आहे. पुढे १८२९ मध्ये वॉल्टर स्कॉटची ‘अ‍ॅन ऑफ गाइअरस्टाइन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तीत पवित्र जलाचा थेंब पडताच निस्तेज होणारा ओपल आहे. त्यानंतर हा खडा अशुभ असल्याची समजूत युरोपात बळावली असे म्हणतात. व्हिक्टोरिया राणीला हा खडा प्रिय होता. त्याच शतकाच्या अखेरीपासून ऑस्ट्रेलियातील खाणींचा माल बाजारात येऊ लागला आणि ही समजूत मागे पडली. आपल्याकडे आज ओपल शुक्राचे उपरत्न म्हणून दिला जातो. हाही आख्यायिकेचाच नवा अंकुर असून, ‘उपल’ या शब्दाने त्याला प्राचीनतेचा शिक्का मिळवून दिला आहे.

आख्यायिका सोडून खड्याकडेच पाहिले म्हणजे जतनाची दिशा दिसते. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियात जे. व्ही. सँडर्स यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखवून दिले की, ओपलमध्ये सिलिकेचे अतिसूक्ष्म, सारख्या आकाराचे गोलक ओळीने रचलेले असतात. त्या रचनेवर प्रकाशाचे विवर्तन होऊन रंग उमटतात. खड्यात पाणीही असते, सामान्यतः शेकडा ३ ते १०. मराठीत आपण ‘मोत्याचे पाणी’, ‘पाणीदार हिरा’ म्हणतो. फारसीतून आलेल्या ‘आब’ या शब्दाचेही पाणी आणि तेज हे दोन्ही अर्थ आहेत. अन्य रत्नांच्या बाबतीत जे लक्षणेने खरे, ते ओपलच्या बाबतीत वाच्यार्थाने खरे आहे. म्हणूनच दिव्याची आच, कडक ऊन किंवा एकाएकी झालेला तापमानातील बदल यांनी त्यावर बारीक तडे जातात.

त्याची कठिनता सुमारे ५.५ ते ६.५ असते. हवेतील धुळीत असणारी गारगोटीची पूड त्याहून कठीण, सुमारे ७. कोरड्या फडक्याने घासल्यास ओपलची झिलई जाते ती यामुळे. अंगठीपेक्षा कानात हा खडा अधिक सुरक्षित राहतो, कारण कानाला हाताइतके धक्के बसत नाहीत. २००८ मध्ये इथिओपियातील वोलो प्रांतात सापडलेला ओपल आज बाजारात मोठ्या प्रमाणावर असून जयपूरचे कारागीर तो घडवितात. त्यातील पुष्कळसा माल सच्छिद्र असून पाणी शोषून घेतो आणि काही काळ पारदर्शक व निस्तेज होतो. तो वाळल्यावर बहुधा पूर्ववत होतो. तेल, अत्तर किंवा रंग मात्र आत शिरला तर सहसा निघत नाही. ‘रत्नाला तेल लावले की तेज येते’ हा घरगुती उपदेश येथे घातक ठरतो. पाचूला तेल देण्याची पद्धत आहे, ती त्यातील नैसर्गिक भेगा झाकण्यासाठी; एकाचा उपचार दुसऱ्याला लावता येत नाही. काळ्या पाठीवर ओपलचा पातळ पापुद्रा चिकटवून केलेले दुपदरी खडेही असतात. ते पाण्यात भिजत ठेवल्यास सांधा सुटतो.

हाच विवेक आपल्या पारंपरिक कर्णभूषणांनाही लागू आहे. मोत्यांची कुडी, बुगडी किंवा पुरुषांच्या कानातील भिकबाळी यांत मोती, माणिक, पाचू एकत्र येतात. सोने उजळविण्यासाठी वापरलेली चिंच मोत्याला व पोवळ्याला मारक असते, कारण दोहोंचा मुख्य घटक आम्लात विरघळतो. कोंदणकामात खड्यामागे चकाकता पत्रा व आत लाख असते. तेथे पाणी झिरपले की खडा काळवंडतो आणि आच लागली की लाख सुटते. अशा दागिन्यांना ओलसर मऊ फडक्याने पुसून, वाळवून, कापसात वेगवेगळे ठेवणे एवढेच पुरेसे होय. धुण्याच्या यंत्रातील कंपने ओपल, पाचू व मोती या तिघांनाही वर्ज्य समजावीत.

तेव्हा ‘उपल’ या शब्दाचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही. मात्र तो वरवंट्याचा, गारांचा आणि समस्त दगडी रत्नांचा शब्द आहे, एका खड्याच्या जन्माचा दाखला नव्हे. आपल्या भाषेत रत्नविषयक अस्सल शब्दसंपत्ती विपुल आहे. पण ती कोशांपेक्षा सोनारांच्या व जडाव करणाऱ्या कारागिरांच्या तोंडी अधिक आहे. खड्याच्या दोषांची, घाटाची, बसविण्याच्या रीतींची ती नावे पद्धतशीर नोंदविण्याचे काम विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगे आहे. हातघडणीची दुकाने एकामागून एक बंद होत असता ते फार लांबणीवर टाकता येणार नाही.